तीन दिवसांचं पाणी

॥ श्री ॥
मौजे धामणवेस, ता. पाथर्डी
५ जानेवारी १९७३

नूरमहंमदास आप्पासाहेबाचा रामराम.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखशील आणि पत्र फाडायचं की चुलीत घालायचं याचा विचार करत बसशील. काय करायचं ते कर, पण आधी वाच.

साडेतीन वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. तुझा पत्ता गौहरकडून घेतला. तुझी बहीण तुझ्याहून हट्टी. मला दारात उभं करून म्हणाली, "आप्पाभाऊ, पत्ता देते, पन पत्रात आदी माफी लिवा." मी म्हटलं, लिहितो. तर ती लिहिली असं समज आणि पुढं वाच.

गावात पाणी नाही. नव्या विहिरीनं दसऱ्यालाच तळ दाखवला. इंजिन चालू केलं की नुसती हवा ओढतं. सिमेंटच्या टाकीत पारव्यांनी घरटी केली आहेत. टँकर चौथ्या दिवशी येतो, कधी सहाव्या. परवा टँकरच्या नळीवरून दोन बायकांनी एकमेकींची डोकी फोडली आणि तेवढ्यात सगळं पाणी मातीत गेलं. निम्मं गाव तिसगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जातं आणि संध्याकाळी घरी येऊन कोरडा हंडा बघतं. तुमच्या प्रवरेकाठच्या अकोल्याला दोन पावसाळे बरे झाले नाहीत तरी डोंगर काहीतरी देतो. आमच्याकडं आभाळ आणि जमीन दोन्ही सारख्याच रंगाची झाली आहे.

पण डोंगरातल्या बारवेचा झरा जिवंत आहे. पंचायतीचा शिपाई छगन जाऊन बघून आला. बारव भरते, पाणी तुझ्या खापरी नळात शिरतं आणि अर्ध्या वाटेत मुरून जातं. सांधे उघडे पडलेत. नळातली हवा सोडणारे तीन उसासे ढासळलेत. पोरं त्या मनोऱ्यांत दगड टाकतात, आणि दगडच टाकतात असंही नाही.

आता साडेतीन वर्षांपूर्वीच्या त्या पंचायतीच्या मीटिंगचं. मी काय बोललो ते तू विसरला नसशील. "डोंगरातल्या फुटक्या खापरांना चुना, कापूस न् जवसाचं तेल चारायला पंचायत रिकामी नाही." सगळे हसले. तू खांद्यावरचा पंचा झटकून उठलास आणि महिन्याभरात गाव सोडलंस. बोलायला नको होतं तसं. पण नूर, माझीही बाजू बघ. नव्या टाकीला सरकार अनुदान देतं. तिच्यावर कोनशिला बसते, मोठा माणूस येऊन फीत कापतो, गाव टाळ्या वाजवतं. दर उन्हाळ्यात तू नळाच्या सांध्यात काय भरलंस ते बघायला कोण येणार होतं? दुरुस्तीला कोनशिला नसते. मी सरपंच आहे, मला निवडून यायचं असतं. म्हणून तुझा पगार आणि चुन्या-कापसाची रक्कम कापली आणि टाकीत घातली.

उसाशाच्या दगडाला कान लावून सांधा कुठं गळतोय हे सांगणारा माणूस या तालुक्यात तू एकटा. तुझ्या बापानं तुला शिकवलं, तू कुणाला शिकवलं नाहीस. यात चूक कुणाची ते नंतर भांडून ठरवू. आधी ये. चुना मळायला ठेवला आहे.

तुझा
आप्पासाहेब


॥ श्री ॥
धामणवेस
९ मार्च १९७३

नूरमहंमद,

रामराम. गौहरची माती करून तुला जाऊन दहा दिवस झाले. पोहोचल्याचं कार्ड आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमनला रोज विचारतो.

गौहरच्या कबरीवर मी दोन वेळा जाऊन आलो. माती बसली आहे. कडेनं दगड लावून घेतले, कुत्री उकरू नयेत म्हणून. कुणाला सांगून नाही, मी आणि छगननं लावले.

सात माणसं गेली. गौहर, आसाराम न्हावी, चांगुणाची दोन लेकरं, आणि तीन म्हातारी माणसं. डॉक्टर आता गावातच मुक्कामाला आहेत, शाळेच्या ओसरीत खाटा टाकल्यात. उलट्या-जुलाब आटोक्यात आले. नवीन रोगी चार दिवसांत नाही. नळ बंद करून टाकला आहे. चावी माझ्या घरी खुंटीला आहे.

तालुक्याहून साहेब चौकशीला आले होते. पटकीच म्हणाले. नळातल्या पाण्यातून आली म्हणाले. गावातले लोक तुझ्याविषयी जे बोलतात ते तू मातीला आलास तेव्हा ऐकलंसच. त्यांच्या घरात माणसं मेली आहेत, तोंडाला येईल ते बोलणारच. "खापरवाल्यानं सांद्यांच्या मसाल्यात कायतरी घातलं" असं कुणी म्हणालं तर मी त्याला गप्प करतो. मी स्पष्ट सांगितलं, नूरनं मुद्दाम काही केलेलं नाही. माणूस साठीचा झाला, हात थरथरतो, पाच आठवडे उन्हात दोन मैलांचे सांधे एकट्यानं भरायचे म्हणजे एखादा राहून जायचाच. त्यातून घाण आत शिरली असेल. यात तुझा दोष मी धरत नाही. तूही धरू नकोस.

त्या मंगळवारी तू बारवेचं दार उघडलंस, पाणी ओढ्याला सोडलंस आणि चावी माझ्या हातात दिलीस. "आप्पा, तीन दिस पानी वढ्याला जाऊ दे. साडेतीन वर्सं नळात काय काय कुजलंय, ते धुऊन निगू दे. शुक्रवारी टाकीकडं फिरव, वरून चुन्याची निवळी टाक. माज्या बापानं तीन दिसाच्या आत कदी कुनाला पानी पाजलं न्हाई." मी मान हलवली. तेवढ्यात तुझ्या लेकीचे, बानूचे दिवस भरल्याची तार आली आणि तू दुपारच्या गाडीनं गेलास.

सहाव्या दिवशी मी तुला गौहर गेल्याची तार केली.

कबरीपाशी तू मला एवढंच विचारलंस, "शुक्रवारीच फिरवलंस ना?" मी हो म्हणालो. तो विषय तिथं संपला.

प्रकृतीला जप. बानूचं सगळं नीट पार पडलं असेल अशी आशा करतो.

आप्पासाहेब


॥ श्री ॥
धामणवेस
६ एप्रिल १९७३

नूर,

बानूचं पत्र आलं. पोरीनं तुला न सांगता लिहिलं आहे, तिच्यावर रागावू नकोस. मुलगी झाली आणि नाव गौहर ठेवलं हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून बरं वाटलं नाही.

ती लिहिते, अब्बांनी थापी, ओळंबा आणि चुन्याचं घमेलं नेऊन प्रवरेत टाकलं. ती थापी तुझ्या आज्याची. तिच्या मुठीला तुमच्या तीन पिढ्यांच्या हातांनी खळगा पडलेला मी पाहिला आहे. लिहिते, अब्बा दोन्ही हात पुढं धरून बघत बसतात, थरथरतात का ते. नातीला उचलून घेत नाहीत. तिला पाजायच्या पाण्याच्या भांड्याला बोट लावत नाहीत. शेवटी तिनं विचारलं आहे, "आप्पाचाचा, माझ्या अब्बांच्या हातून खरंच सात माणसं मेली का? तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन."

त्याच आठवड्यात तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. तू त्यांना लिहून दिलंस की सांधे मी भरले, पाणी माझ्या नळातून आलं, माझ्या बहिणीसकट सात जणांचा गुन्हा माझा, मला अटक करा. खाली सही आणि अंगठा दोन्ही. तू शाळेत माझ्या शेजारी बसून लिहायला शिकलास, तुला अंगठा कशाला लागतो?

साहेब म्हणाले, "सरपंच, याचं काय करायचं? माणूस स्वतःहून कबूल होतोय. हे वर पाठवलं तर खटला उभा राहील." मी म्हणालो, म्हातारा बहिणीच्या दुःखानं वेडा झालाय, थोडं थांबा. त्यांनी महिन्याची मुदत दिली.

नूर, ते पत्र मागं घे. तू वेडा आहेस.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. पाणी शुक्रवारी नाही, गुरुवारी फिरवलं. एक दिवस आधी. लोक ऐकेनात. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत पाणी कोरड्या ओढ्यात वाहून चाललेलं. बायका वाळूत बसून वाट्यांनी हंडे भरत होत्या. म्हाताऱ्यांनी वाळूवर तोंडं लावली. असं पाणी फुकट जाताना कोण बघून राहील? पूर्वीच्या पावसाच्या सालांत तुझ्या बापाचं चाललं असेल, तेव्हा ओढ्यालाही पाणी असायचं. या साली तीन दिवसांचं पाणी सोडून द्या म्हणणं म्हणजे उपाशी माणसापुढचं ताट उचलण्यासारखं होतं. मी माणूस आहे.

एका दिवसानं एवढा फरक पडला असेल असं मला वाटत नाही. तरीपण सांगून टाकलं. आता तुझ्या मनावरचं ओझं थोडं हलकं व्हावं. बानूलाही हेच सांग.

आप्पासाहेब


धामणवेस
११ मे १९७३

नूर,

वर श्री लिहायला हात धजला नाही.

माझ्या गेल्या पत्राला तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "एका दिसानं सात मानसं मरत न्हाईत आप्पा, सांदाच माझा कच्चा ऱ्हायला आसंल." ते कार्ड माझ्या बायकोनं, साळूबाईनं, पोस्टमनकडून घेतलं. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. चाळीस वर्षांत ती माझ्याशी वरच्या आवाजात बोललेली नाही. त्या दिवशीही नाही. जेवायला वाढून समोर बसली आणि म्हणाली, "गुरुवार व्हता का तो? मी टाकीवं पयला हंडा भरला तवा बाजाराचा दिस न्हवता." आमचा बाजार गुरुवारी असतो हे तुला सांगायला नको. मी घास खाली ठेवला. ती म्हणाली, "नूरभाऊ तिकडं झुरून मरंल न् तुमी हितं सरपंच ऱ्हाशाल. मला हे बघायचं न्हाई."

म्हणून आता नीट लिहितो. पाणी मी बुधवारी सकाळी फिरवलं. तू गाडीत बसलास त्याला अठरा तासही झाले नव्हते.

लोकांनी ऐकलं नाही हे खोटं. लोक ओढ्यात वाट्यांनी हंडे भरत होते हे खरं, पण मी दोन शब्द बोललो असतो तर दोन दिवस थांबले असते. दसऱ्यापासून चार महिने थांबलेच होते. त्या बुधवारी दुपारी बारा वाजता जिल्ह्याचे मोठे साहेब गावाला येणार होते. टाकीवर माझ्या नावाची कोनशिला आहे, आणि पारवे उडवून दसऱ्यानंतर पहिल्यांदा तिच्या तोट्यांतून पाणी पडणार होतं. टाकी वाया गेली असं दसऱ्यापासून गाव माझ्या पाठीमागं बोलत होतं. मला साहेबांसमोर तोटी सोडून दाखवायची होती. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

चावी फिरवताना छगन माझ्याबरोबर होता. पहिलं पाणी गढूळ आलं, मग पिवळट, आणि तासाभरानं पांढरं स्वच्छ. पाणी दिसायला स्वच्छ होतं नूर. छगन म्हणाला, "आप्पा, चाचा शुक्रवार म्हनले व्हते." मी त्याला म्हणालो, चाचाला पगार पंचायत देत नाही, तुला देते. चौकशीत त्यानं शुक्रवार सांगितला तो माझ्यामुळं, गावाला वार कुणी विचारलाच नाही. त्याच्यावर राग धरू नकोस. तुझे सांधे बघायला परवा तालुक्याहून एक मिस्त्री आला. पंधरा ठिकाणी उकरून बघितलं. एकही गळत नाही. तो म्हणाला, हे काम करणाऱ्याचा हात मी कपाळाला लावीन. घाण आधीपासून आत होती. दुसऱ्या उसाशात कुत्र्याची हाडं सापडली, दुष्काळी छावणीतल्या जनावरांचं शेण-मूत त्याच उताराला. ते सगळं तीन दिवसांत धुऊन ओढ्याला जायचं होतं. ते मी टाकीत घेतलं.

कालच्या ग्रामसभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. तुला वाटेल लोकांनी दगड मारले असतील. मलाही तसंच वाटलं होतं, मी टोपी काढून उभा होतो. कुणी दगड उचलला नाही. मग गोरक्षनाथ, ज्याची आई गेली, तो उठला आणि म्हणाला, "आप्पांनी आमाला पानी पाजलं, त्यात पाप कसलं? आमीच तर मागत हुतो. मसाला त्या खापरवाल्याचा. आप्पा मोठ्या मनाचे, दुसऱ्याचं अंगावर घेत्यात." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी हार आणला. झेंडूचा, कोमेजलेला, कुठून आणला या दुष्काळात कुणास ठाऊक. माझ्या गळ्यात घातला. मी ओरडलो की मी खरं सांगतोय, तर दोघांनी मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं, आप्पांना त्रास झाला म्हणाले. चांगुणा तेवढी बोलली नाही. तिची दोन लेकरं गेली. ती माझ्याकडं बघत बसली होती आणि सभा संपायच्या आधी उठून गेली. माझ्यावर विश्वास ठेवणारी तीच एक असावी.

तालुक्याच्या साहेबांना लेखी दिलं आहे. तुझं पत्र त्यांच्याकडून मागून आणलं आणि माझं त्या जागी ठेवलं. वाचून ते म्हणाले, नळच बंद करून टाकू, नवीन योजनेचा प्रस्ताव पाठवा, जुन्याच्या डागडुजीला कुणी पैसा देत नाही. शब्द ओळखीचे वाटले.

आता एक उरलं. ते सभेत सांगितलं नाही, साळूबाईला सांगितलं नाही, साहेबांना लिहून दिलं नाही.

बुधवारी बाराच्या सुमारास टाकीखाली गाव जमलं, पण तोटीपुढं कुणी होईना. ओढ्यात वाट्या लावणाऱ्या बायकासुद्धा थबकल्या. पाण्याला खापराचा वास येत होता, तेलाचा येत होता. कुणीतरी म्हणालं, नूरचाचानं शुक्रवार सांगितलाय म्हणं. साहेबांची जीप वेशीपर्यंत आलेली दिसत होती. तेवढ्यात गौहर आली, हातात हंडा नव्हता, रिकामीच आली. लोकांसमोर नाही, मला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "आप्पाभाऊ, नूरभाईनं तीन दिस सांगितल्यात. अजून दोन ऱ्हायलेत. नका पाजू."

मी तिला काय म्हणालो ते ऐक. मी म्हणालो, "गौहर, तू नूरची बहीण. तू प्यायलीस की गाव पिईल. माझी लाज राख."

तुझ्या अब्बांच्या पाठीमागं तिच्या लग्नात मी मांडव घातला होता, तिचा नवरा गेला तेव्हा खांदा दिला होता, दर ईदला ती माझ्या घरी शिरखुर्म्याचं भांडं स्वतः घेऊन यायची. लहानपणी आपण दोघं बारवेत पोहायचो आणि ती काठावर आपले कपडे राखत बसायची. ती नाही म्हणू शकणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मागितलं.

मी पितळी तांब्या भरला आणि स्वतःच्या हातानं तिला दिला. ती सगळ्यांसमोर प्यायली. पूर्ण प्यायली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "गोड हाय." आणि गाव पुढं सरकलं.

तिचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. शेवटपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. मला एकदाच म्हणाली, "नूरभाईला कळू देऊ नका, तो तुमच्याशी परत भांडंल." तिचं हे म्हणणं मी अडीच महिने पाळलं आणि ते तिच्यासाठी पाळतोय असं स्वतःला सांगत राहिलो.

तर तुझ्या हातून कुणी मेलं नाही. तुझे हात थरथरत असतील तर म्हातारपणानं थरथरत असतील, माझेही थरथरतात. बानूला सांग, आप्पाचाचानं लिहून दिलंय. नातीला उचलून घे. तिला पाणी पाज.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं नगरला आणि तिथून अकोल्याला येतो. चावीही बरोबर आणतो आहे, आता या गावात ती कुणाच्या हातात द्यावी असं वाटत नाही. पत्र बानूच्या हाती देईन आणि तुझ्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडं बसेन. तू बाहेर आलास तर ठीक, नाही आलास तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तुझ्या दारात पाणी मागणार नाही.

आप्पा